बहुपदी आणि तिची कोटी

महिन्यातून एका रविवारी आमच्या वसतिगृहात पालकांच्या भेटीचा दिवस असतो. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातून, तसेच साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडून आईवडील येतात. फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधलेला असतो. जेवण झाले की मुलांच्या वह्या पाहिल्या जातात. अशाच एका रविवारी नववीतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी बीजगणिताची उत्तरपत्रिका आमच्यापुढे धरली. ‘पुढील बहुपदींची कोटी सांगा’ या प्रश्नाला पाचपैकी एक गुण मिळाला होता. त्यांनी विचारले, “सर, हाई कोटी म्हंजे काय शे? करोड का?”

मुलगा खाली पाहू लागला. वडिलांनी भलतेच काही विचारले, असे त्याला वाटले असावे. आम्ही उत्तरपत्रिका नीट पाहिली, तेव्हा संकोच वाटण्याची पाळी आमच्यावर आली. २⁵ + ३क्ष² या बहुपदीची कोटी त्याने ५ लिहिली होती. वर्गात आम्हीच घाईने सांगितले होते, “डोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा म्हणजे कोटी.” त्याने आमचे सांगणे तंतोतंत पाळले होते. चूक आमच्या वाक्यात होती. कोटी म्हणजे काय, हे जितके वडिलांना ठाऊक नव्हते, तितकेच ते मुलालाही ठाऊक नव्हते. फरक एवढाच, की वडिलांनी विचारले आणि मुलगा गप्प राहिला.

नववीच्या गणित भाग १ मधील ‘बहुपदी’ हे प्रकरण अनेक मुलांच्या वाटेत असेच आडवे येते. तोपर्यंत संख्यांशी मैत्री असलेले मूल येथे अक्षरे पाहून बिचकते आणि ‘गणित आपले नव्हे’ असा निकाल स्वतःच लावून मोकळे होते. पुढे दहावी, पुढे शाखेची निवड. त्या एका निकालाचे परिणाम दूरवर जातात. म्हणून या स्मरणिकेत गौरवाच्या लेखांसोबत एक पाठही असावा, असे आम्हांला वाटले. माजी विद्यार्थ्यांनी तो उजळणी म्हणून वाचावा. पालकांनी तो मुलाला शेजारी बसवून वाचावा.

केळीच्या बागेचा हिशेब

त्या पालकांनी केलेला प्रश्न आम्ही त्यांच्याच शेतात नेला. त्यांचे एकराच्या आसपास चौरस शेत. पाच-पाच फुटांवर केळीची लागवड. प्रत्येक ओळीत ४० झाडे आणि अशा ४० ओळी. पुढल्या हंगामात लगतची जमीन खंडाने घेऊन शेत लांबीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट करायचे, असा त्यांचा बेत होता. “शेत दुप्पट, म्हणून खर्चही दुप्पट धरला आहे,” ते म्हणाले. त्या हिशेबाने पैशांची जुळवाजुळवही त्यांनी सुरू केली होती.

आम्ही कागद घेतला. एका ओळीतील झाडांची संख्या क्ष मानली. ओळीही क्ष, म्हणून एकूण झाडे क्ष². हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोळाबेरीज धरले. एका रोपाचा लागवडीसह खर्च २० रुपये, म्हणजे एकूण २०क्ष² रुपये. वाऱ्यापासून रक्षणासाठी चारही बाजूंनी शेवरीचे कुंपण. झाडामागे ३० रुपये धरले, तर एका बाजूला ३०क्ष आणि चार बाजूंना १२०क्ष रुपये. पंप व गाळणी यांचा खर्च शेत लहान असो वा मोठे, १५,००० रुपये. तेव्हा

एकूण खर्च = २०क्ष² + १२०क्ष + १५०००

ही झाली बहुपदी. तिच्यात तीन पदे आहेत. क्ष हा चल, कारण त्याची किंमत बदलू शकते. २० हा क्ष² चा सहगुणक, १२० हा क्ष चा सहगुणक आणि १५००० हे स्थिर पद. चलाच्या माथ्यावरील २ हा घातांक. दुसऱ्या पदात क्ष चा घातांक १ आहे. तो लिहिण्याची रीत नाही, पण तो असतो. स्थिर पदात क्ष दिसत नाही. तेथे त्याचा घातांक ० आहे असे समजावे, कारण शून्याखेरीज कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १ असतो.

आता किमती घालून पाहू. क्ष = ४० असता खर्च ३२,००० + ४,८०० + १५,००० = ५१,८०० रुपये. वडिलांनी पुढल्या हंगामासाठी याची दुप्पट, म्हणजे १,०३,६०० रुपये धरले होते. पण क्ष = ८० घातले, तर १,२८,००० + ९,६०० + १५,००० = १,५२,६०० रुपये. तफावत ४९,००० रुपयांची! ही तफावत लागवड निम्म्यावर आली असता ध्यानात आली असती आणि त्या वेळी मिळेल त्या व्याजाने पैसे काढावे लागले असते.

कोटी म्हणजे टोक

हिशेब कोठे चुकला? प्रत्येक पद वेगळे पाहू. क्ष दुप्पट झाला, तेव्हा १५,००० जसेच्या तसे राहिले. कुंपणाचा खर्च ४,८०० वरून ९,६००, म्हणजे दुप्पट झाला. झाडांचा खर्च मात्र ३२,००० वरून १,२८,०००, म्हणजे चौपट झाला. चलाचा घातांक ० असलेले पद हलले नाही, १ असलेले दुप्पट झाले आणि २ असलेले दोनाच्या वर्गाइतके, म्हणजे चौपट झाले. वडिलांचा अंदाज कुंपणाला लागू होता, बागेला नव्हता.

मराठीत ‘कोटी’ शब्दाला अनेक अर्थ आहेत. शंभर लाख म्हणजे कोटी. ‘उच्च कोटीचा कलावंत’ म्हणताना कोटी म्हणजे दर्जा. विनोदी वक्ता शब्दावर कोटी करतो, ती निराळीच. पण संस्कृतात कोटी म्हणजे धनुष्याचे टोक, असाही एक जुना अर्थ आहे. बीजगणित शिकताना हा अर्थ मनात धरला, तर घोटाळा होत नाही. बहुपदीतील चलाच्या घातांकांची चढती रांग जेथे संपते ते टोक म्हणजे तिची कोटी. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगायचे, तर एका चलातील बहुपदीमध्ये, ज्या पदांचे सहगुणक शून्य नाहीत त्या पदांतील चलाचा सर्वांत मोठा घातांक, हीच त्या बहुपदीची कोटी होय. आपल्या केळीच्या बहुपदीची कोटी २ आहे.

या व्याख्येतील ‘चलाचा’ हा शब्द आम्ही वर्गात गाळला होता. २⁵ + ३क्ष² मध्ये ५ हा घातांक २ या संख्येवर आहे, क्ष वर नाही. २⁵ म्हणजे ३२, एक साधी स्थिर संख्या. म्हणून कोटी २. तसेच ७ + १००क्ष + क्ष³ या बहुपदीत १०० हा आकडा कितीही मोठा दिसला, तरी तो सहगुणक आहे, कोटी ३. पदांच्या संख्येवरूनही कोटी ठरत नाही. क्ष⁹ ही एकपदी आहे, तरी तिची कोटी ९. क्ष² + ५क्ष + ६ ही त्रिपदी आहे आणि तिची कोटी २.

सहगुणक मोठा की घातांक मोठा, याचा निवाडा आपल्या बहुपदीनेच करून घेऊ. क्ष = १० असता झाडांवर २,००० रुपये आणि पंपावर १५,००० रुपये; लहान शेतात स्थिर पदाचेच राज्य. क्ष = २० असता झाडांवर ८,०००; अजूनही पंपच पुढे. क्ष = ३० असता झाडांवर १८,०००; आता झाडे पुढे गेली. क्ष = ८० असता दीड लाखाच्या खर्चात एक लाख अठ्ठावीस हजार केवळ झाडांचे आहेत. सहगुणक अवघा २० असूनही क्ष² च्या पदाने १५,००० ला मागे टाकले. चल मोठा होत गेला की बहुपदीचे वागणे सर्वांत मोठ्या घातांकाच्या पदाकडे जाते. कोटी विचारायची ती यासाठी.

कोटीवरून नावे

ज्या बहुपदीची कोटी १ ती रेषीय बहुपदी, २ ती वर्ग बहुपदी आणि ३ ती घन बहुपदी. ही नावे वस्तूंच्या मापांशी जुळतात. आपल्या भागात पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणून पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी क्ष मीटर असलेली, वरून उघडी टाकी बांधायची आहे. वरच्या चार कडांची लांबी ४क्ष मीटर, ही रेषीय. आतून गिलावा करायचा तळाला आणि चार भिंतींना, म्हणजे ५क्ष² चौरस मीटर, ही वर्ग. पाणी मावते क्ष³ घनमीटर; ही घन. एक मीटरच्या टाकीत १,००० लिटर पाणी मावते आणि गिलावा ५ चौरस मीटर लागतो. दोन मीटरच्या टाकीत ८,००० लिटर पाणी मावते आणि गिलावा २० चौरस मीटर लागतो. बाजू दुप्पट, गिलावा चौपट, पाणी आठपट.

मात्र पाणी आले की कोटी ३ आलीच, असे समजू नये. उभ्या भिंतींचा चौरस हौद असेल आणि खोली कायम ३ मीटर ठेवून केवळ लांबी-रुंदी क्ष ठेवायची असेल, तर पाणी ३क्ष² घनमीटर. येथे कोटी २. खोली बदलत नाही, म्हणून ती सहगुणकात जाऊन बसली. काय बदलते आहे आणि काय स्थिर आहे, हे आधी ओळखावे; कोटी त्यानंतर मोजावी.

प्रत्येक बैजिक राशी ही बहुपदी नसते, हेही लक्षात ठेवावे. ६० भाकऱ्या क्ष मुलांत सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला ६०/क्ष भाकरी मिळेल. येथे क्ष छेदात आहे. त्याचा घातांक उणे १ आहे. बहुपदीत चलाचा घातांक ०, १, २, ३ असा पूर्ण संख्याच असावा लागतो. म्हणून ६०/क्ष ही बहुपदी नाही. क्ष चे वर्गमूळही बहुपदी नाही, कारण तेथे घातांक अर्धा आहे. परंतु ३ चे वर्गमूळ गुणिले क्ष ही बहुपदी आहे. वर्गमूळ सहगुणकाचे आहे, चलाचे नव्हे.

मुलांना आणखी एका ठिकाणी अडखळायला होते. ५ या स्थिर बहुपदीची कोटी ० आहे, कारण ५ म्हणजे ५क्ष⁰. मग ० या बहुपदीची कोटी किती? ०क्ष⁰ लिहिले तरी ० आणि ०क्ष⁷ लिहिले तरी ०. शून्य नसलेला एकही सहगुणक नाही. टोक धरायचे तरी कोणते? म्हणून शून्य बहुपदीची कोटी निश्चित करता येत नाही. ‘कोटी शून्य’ आणि ‘कोटी निश्चित नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत.

दोन चल असतील तर

त्या रविवारचा हिशेब येथेच थांबला नाही. १,५२,६०० रुपये ऐकून वडील विचारात पडले होते. तेव्हा मुलगाच म्हणाला, “बाबा, एकाच बाजूने वाढवलं तर?” त्या दुपारी तो प्रथमच बोलला. आम्ही खडू त्याच्या हाती दिला.

एका ओळीतील झाडे क्ष आणि ओळींची संख्या य. आता झाडे क्षय, आणि खर्च असा झाला:

२०क्षय + ६०क्ष + ६०य + १५०००

दोन चलांतील बहुपदीची कोटी काढताना प्रत्येक पदातील चलांच्या घातांकांची बेरीज करावी आणि त्यांतील सर्वांत मोठी बेरीज घ्यावी. २०क्षय या पदात १ + १ = २; म्हणून कोटी २. बागेचे क्षेत्रफळ चौरसाचे असो वा आयताचे, कोटी तीच राहिली. पण आता दोन चलांपैकी एकच वाढवण्याची मुभा मिळाली. क्ष = ४० आणि य = ८० ठेवून मुलाने फळ्यावर मांडले: ६४,००० + २,४०० + ४,८०० + १५,००० = ८६,२०० रुपये. वडिलांनी धरलेल्या रकमेत हे बसत होते आणि सतरा हजारांवर शिल्लकही राहत होती. ते हसून म्हणाले, “म्हंजे जमीन एकाच अंगले घेवानी.”

त्यांनी पुढे तसेच केले. आम्हांला अधिक समाधान दुसऱ्या गोष्टीचे वाटले. ज्याने ‘डोक्यावरचा मोठा आकडा’ पाठ केला होता, त्याने स्वतःहून दुसरा चल आणला होता.

पाटणचा शिलालेख

बीजगणिताला ‘परके’ समजणाऱ्या मुलांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. ती आपल्याच जिल्ह्यातील आहे. चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटण आहे. पाटणादेवी म्हणून आपण ते ओळखतो. तेथील एका शिलालेखाकडे एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांचे लक्ष वेधले. शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ मधील हा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ व इतर ग्रंथ यांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणला मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा वाटा आणि घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला द्यावे, असे त्यात नोंदले आहे.

भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ ग्रंथ शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी रचला. ‘बीजगणित’ हा त्यांच्या रचनेचा प्रसिद्ध भाग. त्यात अज्ञात राशीला ‘यावत्-तावत्’ म्हटले आहे, म्हणजे ‘जेवढे तेवढे’. तिची खूण ‘या’. एकापेक्षा अधिक अज्ञात असतील, तर पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. अज्ञाताच्या वर्गाची खूण ‘याव’, घनाची ‘याघ’ आणि चौथ्या घाताची ‘यावव’, म्हणजे वर्गाचा वर्ग. स्थिर संख्येची खूण ‘रू’, म्हणजे रूप. आपण ३क्ष² + ५क्ष + २ लिहितो, ते या पद्धतीने ‘याव ३ या ५ रू २’ असे होईल.

एक बारकावा विशेष पाहण्याजोगा आहे. नवव्या शतकातील टीकाकार पृथूदकस्वामी क्ष² + १ = १०क्ष − ८ अशा समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडतात. एका बाजूला ‘याव १ या ० रू १’ आणि दुसऱ्या बाजूला ‘याव ० या १० रू ८’, त्यातील ८ वर ऋण दाखवणारे टिंब. जो घात नाही त्याच्या जागी शून्य लिहिलेले आहे. आज नववीच्या वर्गात आपण क्ष³ + ४क्ष − ७ ही बहुपदी सहगुणक रूपात (१, ०, ४, −७) अशी लिहितो, ती हीच शिस्त. क्ष² चे पद दिसत नाही, म्हणून मुले ते शून्य गाळतात आणि सारा हिशेब एक घर सरकतो. घन बहुपदीच्या सहगुणक रूपात चार आकडे असलेच पाहिजेत. कोटीत १ मिळवला की आकड्यांची संख्या मिळते. ही पडताळणी मुलांनी अवश्य करावी.

ही परंपरा आपली आहे असे म्हणताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्या काळच्या समाजरचनेत शास्त्राध्ययनाचे दार बहुसंख्यांना बंद होते. घाण्याचे तेल मठाला जात होते. घाणा चालवणाऱ्याच्या मुलाला तेथे बसून ‘यावत्-तावत्’ शिकता येत नव्हते, मग गावकुसाबाहेरच्यांची गोष्टच दूर. १८४८ साली फुले दांपत्याने पुण्यात मुलींसाठी शाळा सुरू केली, १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. अशा प्रयत्नांतून ते दार उघडत गेले. आमच्यासारखी निवासी विद्यालये त्याच वाटेवरची आहेत. म्हणून आमच्या वर्गातील एखादे मूल बहुपदीला भिऊन मागे फिरते, तेव्हा आम्हांला ती केवळ पाच गुणांची हानी वाटत नाही. उघडलेल्या दारातून ते मूल स्वतःच परत जात असते.

कोटी आणि उत्तरे

बहुपदीला शून्याबरोबर मांडले की समीकरण होते, आणि त्याची उत्तरे अधिकात अधिक किती असू शकतात हेही कोटीच सांगते. कोटी १ असेल तर एक उत्तर. कोटी २ असेल तर फार तर दोन, ३ असेल तर फार तर तीन.

‘बीजगणिता’तील माकडांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तर तेवढी माकडे गुहेत गेली; एक फांदीवर दिसले. तर कळप केवढा? कळप क्ष मानला की मांडणीअंती क्ष² − ५५क्ष + २५० = ० हे कोटी २ चे समीकरण मिळते. त्याची उत्तरे दोन: ५० आणि ५. पण ५ माकडांचा पाचवा भाग १. त्यातून ३ वजा केले तर उणे २ उरतात. उणे दोन माकडे कोणी पाहिली आहेत? म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर नाकारले आणि ५० स्वीकारले. कोटीने दोन उत्तरांची शक्यता दाखवली. त्यांतून निवड करणे हे विचाराचे काम.

दुसरे उदाहरण घन समीकरणाचे. एका संख्येच्या घनात त्या संख्येची १२ पट मिळवली, तर ती बेरीज तिच्या वर्गाची ६ पट अधिक ३५ एवढी होते. म्हणजे क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५ = ०. येथे सरधोपट रीत चालत नाही, युक्ती लागते. दोन्ही बाजूंना २७ मिळवले की डावी बाजू क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ८ होते, आणि हा तर (क्ष − २) चा घन! म्हणून (क्ष − २)³ = २७, क्ष − २ = ३ आणि क्ष = ५. वास्तव संख्यांत याला एवढे एकच उत्तर आहे. म्हणूनच आम्ही ‘फार तर तीन’ असे म्हटले, ‘तीनच’ असे म्हटले नाही.

बेरीज आणि गुणाकार

दोन बहुपदींचा गुणाकार केला की त्यांच्या कोटींची बेरीज होते. कोटी २ च्या बहुपदीला कोटी ३ च्या बहुपदीने गुणले, तर गुणाकाराची कोटी ५. कारण दोन्ही टोकांची पदे एकमेकांना गुणली जातात आणि घातांक मिळवले जातात. शून्य बहुपदीला मात्र हा नियम लावू नये.

बेरीज-वजाबाकीत कोटी वाढत नाही. कधी कधी मात्र ती उतरते. (क्ष² + ३क्ष) मधून (क्ष² + क्ष) वजा केले, तर २क्ष उरतात. दोन्ही बहुपदींची कोटी २ होती. वजाबाकीची कोटी १ झाली, कारण वरची टोके एकमेकांना खाऊन गेली. म्हणून आधी पदे एकत्र करावीत, मग कोटी सांगावी.

आईवडील आणि मुलांनी मिळून सोडवायचे प्रश्न

१. ७ − ४क्ष³ + ९क्ष ही बहुपदी सहगुणक रूपात लिहा व तिची कोटी सांगा.
२. ३⁴ + ५क्ष या बहुपदीची कोटी किती?
३. क्ष²य³ + क्ष⁴ + य या बहुपदीची कोटी किती?
४. (क्ष² + १) आणि (क्ष³ − क्ष) यांच्या गुणाकाराची कोटी, गुणाकार न करता सांगा.
५. (२क्ष² + क्ष) − (२क्ष² − ५) या वजाबाकीची कोटी किती?
६. वर सांगितलेल्या टाकीची बाजू तिप्पट केली, तर गिलावा किती पट लागेल आणि पाणी किती पट मावेल?

उत्तरे: १. (−४, ०, ९, ७), कोटी ३. २. कोटी १. ३. कोटी ५. ४. कोटी ५. ५. कोटी १. ६. गिलावा ९ पट, पाणी २७ पट.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. भेटीच्या रविवारी आपण विद्यालयात आलात, तर नववीच्या वर्गात तासभर बसा. आपल्या कामातला एखादा हिशेब आणा: दुकानाचा, बांधकामाचा, शेताचा, दवाखान्याचा. त्यात काय बदलते आणि काय स्थिर राहते, एवढे मुलांना विचारा. क्ष कोठे मांडायचा ते मुले सांगतील. आणि एखाद्या पालकाने ‘कोटी म्हणजे करोड का?’ असे विचारले, तर हसू नका. तो प्रश्न विचारला गेला, म्हणूनच आम्हांला आमची चूक सापडली.